सरूवरची कात्री

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, यातला एक शब्दही मी पदरचा घातलेला नाही.

हे माझ्या आजोबांच्या डोळ्यांसमोर घडलं. साल १९१२. वैशाखातली भर दुपार. तंजावूरहून वल्लमकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका गोऱ्या इंजिनिअरचा बंगला होता, त्याच्या बागेत.

आजोबांचं नाव रघोजी. त्यांचे थोरले भाऊ एकोजी तिथे माळी होते. मडमेला फाटकापाशी सरूचं झाड शंखासारखं वळणदार कापून हवं होतं. त्यासाठी झाडाला बुंध्यापासून शेंड्यापर्यंत सुतळीचे वेढे द्यायचे आणि त्या रेषेवरून पाला कापत जायचं.

सुतळी बांधतानाच एकोजी शिडीवरून पडले. जागीच गेले.

दोन महिन्यांनी ते काम आजोबांकडे आलं.

पहिल्या दिवशी त्यांनी वेढे दिले आणि विहिरीवर पाणी प्यायला गेले. परत येऊन पाहतात तर...

वेढे उलट्या बाजूने फिरले होते.

गाठही डाव्या हाताची. एकोजी डावखुरे होते.

कुणीतरी चेष्टा केली असेल, असं आजोबांना वाटलं. त्यांनी सगळं सोडून पुन्हा बांधलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

तिसऱ्या दिवशी ते कात्री घेऊन झाडाखाली उभेच राहिले. बंगला झोपलेला. वारा पडलेला.

एकाएकी चिमण्या गप्प झाल्या.

कच... कच... कच...

आवाज वरून येत होता. शेंड्याजवळून.

कात्री तर आजोबांच्या हातात होती.

त्यांनी वर पाहिलं. शिडी रिकामी. पाला हलत नव्हता. खाली एक काडीही पडत नव्हती.

तेवढ्यात एकोजींची बायको, विशालाक्षीवहिनी, आजोबांसाठी सांबारभात घेऊन आली. तिने तो आवाज ऐकला आणि थबकली. तीनदा कच, मग जरा थांबणं. पुन्हा तीनदा.

"भाऊजी, हा हात त्यांचाच," ती हळूच म्हणाली.

मग ती शिडीपाशी जाऊन उभी राहिली.

"अहो, पुरे आता. ऊन किती झालंय. उतरा खाली."

कात्री थांबली.

करर्र... शिडीची वरची पायरी वाजली. मग तिच्या खालची. मग तिच्याही खालची...

शेवटच्या पायरीवर आवाज थांबला.

वहिनीने हात पुढे केला. आणि तो हात खाली दबला... कुणी भार टाकावा तसा.

आजोबांनी त्याच दिवशी काम सोडलं. मडमेला उन्हाचं निमित्त सांगितलं.

वहिनी पुढे तीस वर्षं जगली. माझ्या वडिलांनी तिला लहानपणी रोज पाहिलं. घरात, देवळात, बाजारात ती एक हात कोपरात वाकवून, पुढे धरूनच चालायची. सावकाश. मध्येच थांबायची, बरोबरच्याला दम लागावा तशी.

वडिलांनी एकदा विचारलं, हात दुखत नाही का?

"दुखतो की," ती म्हणाली. "पण सोडू कसा?"

ती गेली त्या दिवशी तो हात सैल, मोकळा पडला होता, असं वडील सांगायचे.

मग तो भार कुठे गेला, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.