शेपूट आलं का?

लाईट गेली तर जाऊ दे, अपेक्षा. तो चार्जिंगचा कंदील इकडं सरकव आणि बस. चटणी कुटून झालीय, आता मला कसली घाई नाही. उद्या तू पहिल्यांदा आमच्या टोळीबरोबर सायकलीवर येणार, म्हणून एक गोष्ट आजच कानावर घालते. बाकीच्या पोरींना विचारलंस तर म्हणतील, बजामावशीचं डोकं फिरलंय. म्हणू देत. फिरलेल्या डोक्यानं केलेली शेंगाचटणी अख्खं सोलापूर खातंय का मग?

मला साखर निघाली तेव्हा डॉक्टर म्हणाले, चाला. चालायचा मला मनापासून कंटाळा. मग माझ्या लेकीनं, ऋतुजानं, तिची जुनी सायकल माझ्या गळ्यात मारली आणि मला कुंडलिकमामांच्या टोळीत नेऊन सोडलं. मामा म्हणजे एसटीतले रिटायर ड्रायव्हर. मंगळवेढ्याच्या गाडीवर जन्म गेला. सायकल चालवतानाही आपल्या मागं गाडीभर माणसं बसलीत असंच समजायचे.

ते सगळ्यांच्या पुढं. रस्त्यात जे दिसेल ते ओरडून सांगायचे. "खड्डा डावा!" "काटा हाय, काटा!" ते मागच्यानं त्याच्या मागच्याला सांगायचं, असं करत आरोळी शेवटापर्यंत यायची. शेवटची मी. मला शेपूट म्हणायचे मेले सगळे. शेपटानं जोरात "आलं!" म्हणायचं. ते ऐकल्याशिवाय मामा तिथून हलायचे नाहीत. आणि ते "उतरा" म्हणाले की उतरायचं, का म्हणून विचारायचं नाही.

"आपल्यात एकबी माणूस मागं ऱ्हायला न्हाय पायजे," म्हणायचे.

त्या वर्षी दिवाळीनंतर चालू फेरीतच त्यांच्या छातीत कळ आली. रस्त्याकडेला लिंबाखाली बसले. माझं टायर पंक्चर झालं होतं, मी बरीच मागं होते. पोचले तेव्हा मामा गेले होते. ऋतुजा त्यांचा हात धरून होती. शेवटपर्यंत एकच विचारत होते म्हणे, "शेपूट आलं का?"

मला लई रडू आलं बघ. पोटच्या लेकरासारखं जपायचा माणूस सगळ्यांना.

मग पुढं कोण राहणार? ऋतुजा. संक्रांतीची सिद्धेश्वराची गड्डा यात्रा संपली आणि तिनं नवीन रस्ता काढला. बंद गिरणीच्या मागून निघायचं, वस्तीतून कालव्याचा बांध धरायचा, थेट हिप्परग्याच्या तलावाकडं. तिथं शेतात हुरडा खायचा आणि परत. टोळीत तेव्हा नवीन बायका आल्या होत्या, ब्रेक दाबायच्या ऐवजी देवाचं नाव घेणाऱ्या. मामा म्हणायचे, रस्ता बघितल्याशिवाय गाडी न्यायची नाही. म्हणून आदल्या दिवशी पहाटे मी एकटीच बघायला निघाले. ऋतुजा झोपली होती. तिला उठवलं नाही, उगीच बडबड करते.

गिरणीपर्यंत ठीक होतं. पुढं पाइपलाइनसाठी रस्ता उकरून तसाच टाकलेला. मग मुरूम, मग बांध. काळ्या मातीत ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या वाळून दगडासारख्या झालेल्या, हँडल नुसतं थरथरत होतं. उजाडायला लागलं होतं, पण तलावाकडून धुकं आलं ते असं दाट, की पुढचं चाकच तेवढं दिसत होतं. ओल्या मातीचा आणि ज्वारीच्या ताटांचा वास. बाकी सगळं चिडीचूप. कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं.

तेवढ्यात पुढून आवाज आला. "खड्डा... डावा..."

मला वाटलं, कुणी मेंढरं हाकतंय. पण हात आपोआप उजवीकडं वळला, आणि डावीकडं गुडघाभर खड्डा सरकून मागं गेला.

थोडं पुढं गेले. "काटा हाय... काटा..."

खाली बघते तर बाभळीच्या फांद्या तोडून टाकलेल्या. मी कडेनं काढली.  आवाज ओळखीचा होता गं. आणि त्याच्यासोबत मडगार्डची खडखड. मामांच्या सायकलीचं मडगार्ड ढिलं होतं, कितीदा सांगितलं तरी बसवून घेतलं नव्हतं.

"कोण... कोण आहे?" मी विचारलं.

 नुसती खडखड, माझ्या वेगानं, माझ्या पुढं.

भ्यालेला माणूस काय करतो? मागं वळायचं सोडून मी जोरात पेडल मारायला लागले. एकदाचं ह्या धुक्यातून बाहेर पडू दे म्हणून. देवाचं नाव घेत, डोळे अर्धे मिटून. बांध उताराला लागला होता. सायकल सुसाट सुटली.

"उतरा!"

अगदी कानाशी. अपेक्षा, मी विचार केला नाही. ब्रेक कधी दाबला, पाय कधी टेकला, देवाला ठाऊक. सायकल हातात धरून एक पाऊल टाकलं, आणि पुढचं चाक खाली गेलं. त्याच्याखाली काही नव्हतंच.

बांधावरची मोरी, पाणी जायला खाली नळी घातलेला छोटा पूल, वाहून गेलेली. पावसाळ्यात गेली असणार, कुणी साधा दगडसुद्धा आडवा ठेवला नव्हता. दोन्ही बाजूनं गवत वाकलेलं, मध्ये खोल घळ. खाली दगड आणि वर आलेल्या सळ्या. आणि त्या दगडांत एक सायकल अडकलेली. लहान, मुलींची, पुढं जाळीची टोपली असलेली. पार गंजून गेलेली.

मी मटकन खाली बसले. स्वतःचं काही वाटलं नाही बघ. उद्या इथं सगळ्यांच्या पुढं माझी ऋतुजा असती. तिच्या मागं त्या बिचाऱ्या बायका. एवढंच डोळ्यांसमोर येत राहिलं.

घळीच्या पलीकडं मडगार्ड खडखडायचं थांबलं होतं. कुणीतरी वाट बघत उभं असतं ना, तसं. दिसत काही नव्हतं. मग धुक्यातून हळूच आलं, "शेपूट... आलं का?"

माझी भीती कुठं गेली कोण जाणे. रडत रडत जेवढ्या जोरात ओरडता येईल तेवढी ओरडले, "आलं, मामा! आलं!"

खडखड सुरू झाली. लांब लांब गेली आणि संपली.

धुकं उठल्यावर हरिबा धनगर मेंढरं घेऊन आला. माझ्याकडं बघून म्हणाला, "ताई, हितं कशाला आला? ह्या वाटंनं कोन येत न्हाय आता."

"ती सायकल कुणाची हो?" मी विचारलं.

"ठावं न्हाय. मोरी ग्येली त्या पुरात आली आसंल. कोन इचारायलाबी आलं न्हाय की."

त्यानं आणि मी मिळून दगड आडवे लावले, माझी लाल ओढणी फांदीला बांधली. त्याच्याच रानातून कडेची वाट त्यानं दाखवली. घरी आल्यावर ऋतुजाला पोटाशी धरून किती वेळ बसले. ती म्हणते, आई, वास येतोय मातीचा, आंघोळ कर. केली. आणि मामांच्या नावानं पहिली भाकरी बाजूला काढली. अजून काढते. त्या माणसाचे उपकार फिटायचे नाहीत माझ्याच्यानं.

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. मोरीपाशी ऋतुजानं "उतरा" म्हटलं, आरोळी मागं आली, सगळ्या उतरल्या आणि एकेक करून हरिबाच्या रानातून पार झाल्या. शेवटी मी. पलीकडं जाऊन ओरडले, "आलं!"

आणि माझ्या मागून, मोरीकडून, कुणीतरी म्हणालं, "आलं..."

मामांचा आवाज मी ओळखते. हा मामांचा नव्हता. कोवळा होता, पोरीचा. धापा टाकत होती.

मी मागं बघितलं नाही. तेव्हापासून दर फेरीत ती असते. जाळीची टोपली वाजते बारीक. पहिल्यांदा भ्यायचे मी, आता नाही. मामांच्या टोळीत एकही माणूस मागं राहायचा नाही, एवढंच मला कळतं. चढ आला की मी जरा सावकाश घेते. दमते गं ती.

उद्या तू माझ्याच पुढं राहणार आहेस. मी "आलं" म्हटलं की लगेच पेडल मारू नकोस. जरा थांब. अजून एक यायचं असतं.