रांग मोडणारा

खोटं वाटेल. पण त्या दुपारी मी तिथे होतो.

सुट्टीचा दिवस. ताईच्या ऑफिसात चिटपाखरू नव्हतं. मी तिचा डबा घेऊन गेलो होतो.

ताई सॉफ्टवेअर लिहिते. किडनीची वाट बघणाऱ्या रुग्णांची माहिती गावोगावच्या हॉस्पिटलांतून येते. ती अनेक कॉम्प्युटरांत वाटली जाते. प्रत्येक कॉम्प्युटर आपला वाटा क्रमाने लावतो, मग सगळे वाटे जोडून एक रांग बनते.

त्या दिवशी एक किडनी मिळाली होती. आणि रांग दर वेळी वेगळी लागत होती.

फक्त पहिला माणूस बदलत नव्हता.

"अहो, हा तर गेल्या वर्षीच वारला!" हॉस्पिटलातले डॉक्टर फोनवर ओरडले. "वाट बघता बघता. खरा नंबर कुणाचा ते सांगा, किडनी फार वेळ टिकत नाही."

ताईने चूक शोधली. वाटे जोडताना, जो वाटा आधी पोहोचेल तो पुढे घुसत होता. तिने ते दुरुस्त केलं. रांग जागच्या जागी बसली. दुसऱ्या नंबरवर एक शाळकरी मुलगी.

पहिल्यावर... तोच.

ताईने सगळ्या हॉस्पिटलांची मूळ माहिती चाळली. त्यात तो कुठेच नव्हता.

तेवढ्यात काचेपलीकडच्या कॉम्प्युटरांचे पंखे थांबले. दिवे मात्र लुकलुकत होते.

त्या शांततेत ऐकू आला... श्वास. दमलेला. आमच्या अगदी पाठीमागे.

मी ताईचा हात ओढला. "ताई, चल इथून."

"मी का जाऊ?"

तिने खुर्ची गर्रकन फिरवली. मागे कुणी नव्हतं. ती त्या रिकाम्या जागेशीच बोलली.

"काका, तुमच्यावर अन्याय झाला. कबूल. पण त्या पोरीचा नंबर मी हिरावू देणार नाही. काय करायचं ते करा, मी उठत नाही."

तिने प्रोग्रॅम चालवला. पहिला तोच.

पुन्हा चालवला. तोच.

"बघू कोण आधी थकतं!"

पुन्हा...

माझ्या कानाजवळून एक गार सुस्कारा गेला. पंखे घरघरले.

पहिल्या नंबरवर ती मुलगी होती.

ती वाचली. आता शाळेत जाते.

ताईला सगळ्यांनी सांगितलं, जागा बदल. ती म्हणते, "जिवंत साहेबाला कधी घाबरले नाही, मेलेल्याला कशाला घाबरू?"

परवा तिला घ्यायला गेलो होतो. वर जायची माझी हिंमत होत नाही, खालीच थांबलो.

वॉचमन म्हणाला, "येतील मॅडम. त्या आणि ते म्हातारे साहेब, दोघंच आहेत वर."

थोड्या वेळाने ताई खाली आली.

एकटीच.