दगड उचलल्याशिवाय

बसा रे. हमाल आत्ताच जेवायला गेलेत, गाड्या भरायला अजून तासभर तरी लागणार. आणि तू तो मोबाईल ठेव खाली, उजेड माझ्या डोळ्यांत मारतोयस. मी सांगतो ते ज्याच्यावर बेतलं त्याच्याच तोंडून ऐकलेलं आहे. पटलं तर ठीक, नाही पटलं तर माझं काय जातंय.

फटाफट म्हणून एक ड्रायव्हर आहे. माझ्या जुन्या जोडीदाराचा मुलगा, म्हणजे मला पुतण्यासारखाच. जेवायची घाई, बोलायची घाई, म्हणून नाव फटाफट. माझी जुनी लॉरी शेवटी त्यानेच घेतली. काय गाडी होती! सुरुवातीला सेल्फ नव्हता, पुढून हँडल मारायचं. ते उलटं फिरलं की मनगट गेलंच, म्हणून अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, विळखा घालायचा नाही. वळणावर स्टिअरिंग ओढून खांदे भरून यायचे. निघायच्या आधी टॉमीने, त्या लोखंडी दांड्याने, एकेक टायर ठोकायचा आणि कान देऊन ऐकायचं. तुम्ही आता बटण दाबता आणि गाण्याचा आवाज वाढवता.

हँडब्रेक नावालाच होता. चढावर थांबलो की क्लीनर उडी मारून मागच्या चाकाला दगड लावायचा आणि गाडीच्या मागच्या फळीवर एक थाप मारायचा. एक म्हणजे थांब. निघताना तोच दगड उचलून रस्त्याच्या पार कडेला टाकायचा, मग दोन थापा. दोन म्हणजे चल. दगड उचलल्याशिवाय दोन थापा मिळायच्या नाहीत, मागे कोणी कितीही हॉर्न बडवू दे. आता क्लीनर परवडत नाहीत, आणि त्यांच्याबरोबर ती रीतही गेली.

तर त्या दिवशी फटाफटला बायकोने एकच काम सांगितलं होतं. येताना लेकीचा दम्याचा पंप आणायचा. लेक सहा वर्षांची, थंडी पडली की तिला दम लागायचा. हा शहरात फरशा उतरवून रिकामी गाडी घेऊन घरी आला आणि पंप विसरला. बायको जराशी बोलली. हा म्हणाला, उद्या उठल्या उठल्या आणतो. जेवला आणि झोपला.

गेल्या डिसेंबरातला दुसरा शनिवार. रात्री पावणेदोनला बायकोने त्याला हलवून उठवलं.

पोरगी गादीवर बसून श्वास ओढत होती. छातीत शिट्टी वाजत होती. जुना पंप दाबून पाहिला, त्यातून नुसती हवासुद्धा येईना. अँब्युलन्सवाला फोनवर म्हणाला, तास लागेल. दवाखाना चढाच्या पलीकडे. दारात लॉरी उभी होती. बायकोने पोरीला तशीच उचलली, अनवाणी, चादरीत गुंडाळून, आणि निघाले.

त्या चढाचं आधी सांगायला हवं. उन्हाळ्यात तिथे एक वायरमन गेला होता. तापाने फणफणलेल्या मुलाला स्कूटरवर पुढे उभं करून रात्री दवाखान्यात चालला होता. रस्त्याच्या मधोमध दगड. कुणा लॉरीवाल्याने चाकाला लावलेला आणि तसाच टाकून गेलेला. बाप जागीच गेला. मुलगा सकाळपर्यंत होता. त्याच्या एका पायात निळी चप्पल होती. दुसरी लोकांनी खूप शोधली, मिळाली नाही. दगड कुणाचा, तेही लोकांना कळलं नाही.

त्याच चढावर, अर्ध्यावर, फटाफटचं इंजिन बंद पडलं.

त्याने ब्रेकवर दोन्ही पाय दिले. हँडब्रेक ओढला. गाडी धरेना. हळूहळू मागे सरकायला लागली. मागे वळण, वळणाखाली दरी. बायकोने पोरीला पोटाशी दाबलं.

ठक.

गाडी थांबली. मागून आवाज आला. एक थाप.

याला वाटलं, कुणीतरी देवासारखा धावून आला. चावी फिरवली, इंजिन लागलं. उतरायला वेळ कुठे होता? गिअर टाकला आणि पुढे निघाला.

जरा पुढे गेला... इंजिन बंद. गाडी मागे. ठक. एक थाप.

"अहो, कोण आहे मागे?" बायकोने विचारलं.

फटाफट बॅटरी घेऊन उतरला. रस्ता मोकळा. ना माणूस, ना गाडी. मागच्या चाकाला दगड होता. एका बाजूला चुना फासलेला. तो दगड त्याच्या ओळखीचा होता.

उन्हाळ्यात त्याचीच गाडी तिथे तापली होती. त्यानेच तो दगड चाकाला लावला होता. मालकाचा फोन आला, घाई झाली, दगड राहिला. दुसऱ्या दिवशी स्कूटरचं ऐकलं... आणि गप्प बसला. बायकोलाही सांगितलं नाही.

आता ऐका. एवढं कळूनही तो दगड तिथेच सोडून तसाच गाडीत चढला. बापाचा जीव होता रे, मी त्याला नावं ठेवणार नाही. गिअर टाकला. पुढे गेला. इंजिन बंद.

ठक.

थाप.

"अहो... हिचे ओठ बघा."

ओठ निळे पडले होते. शिट्टीही थांबली होती. नुसती मान हलत होती, श्वासागणिक.

तो उतरला. दगडाला हात घातला. उन्हाळ्यात एका हाताने उचललेला दगड... हलेना. गुडघ्यांवर बसला. नखं फाटली. डोकं दगडावर टेकवून रडायला लागला. मग मोठ्याने बोलला. त्या रिकाम्या रस्त्याला.

"माझाच आहे. मीच टाकून गेलो होतो. मला काय करायचं ते कर... तिला जाऊ दे."

काही नाही. वारासुद्धा नाही...

मग दगड हलला. त्याने तो छातीशी धरला. रस्ता सोडला, चर ओलांडला, पलीकडे गवतात नेऊन ठेवला. हळूच ठेवला, टाकला नाही. तो धावत येऊन स्टिअरिंगवर बसला. गाडी जागची हलली नव्हती. चाकाला आता काहीच नव्हतं, तरी हलली नव्हती.

दोन थापा.

पण वर फळीवर नाही. खाली. चाकाच्या पत्र्यावर. लहान मुलाचा हात पोचेल तिथे.

इंजिन लागलं ते दवाखान्याच्या दारात जाऊनच थांबलं. पोरीला नळी लावली. पहाटे तिने पाणी मागितलं. बाप बाहेर येऊन पायरीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला.

उजाडल्यावर त्याने टॉमी काढली आणि एकेक टायर ठोकत गाडीभोवती फिरला. कित्येक वर्षांत केलं नव्हतं. मागच्या जोडचाकांपाशी आला आणि थांबला. दोन टायरांच्या मधे काहीतरी अडकलं होतं. टॉमीने निघेना. हाताने ओढल्यावर लगेच आलं.

लहान मुलाची चप्पल. एकच. निळी. दोन्ही टायर चिखलाने लडबडलेले होते, आणि चपलेवर चिखलाचा एक ठिपका नव्हता.