खाली पाहणारं कुत्रं

रिठदच्या शालिकरामचा छोटा हत्ती टेम्पो रोज वाशीमच्या बाजारात जायचा. वांगी, कोबी, सांभार म्हणजे कोथिंबीर, जे वावरात निघेल ते. त्या दिवशी पौषातली थंडी होती, दुपार कलली होती आणि गाडीत भाजीऐवजी एक दगड होता. तुरीच्या कुटारावर, भुशावर, आडवा निजवलेला, वरून गोणपाट पांघरलेला. शेजारच्या सीटवर मांडीवर पुठ्ठ्याचं खोकं धरून उज्ज्वला बसली होती. जुन्या मूर्ती, जुनी थडगी यांचा अभ्यास करणारी, विद्यापीठातून आलेली पोरगी. दगड आणि खोकं दिवस बुडायच्या आत वाशीमला पोचवायचं, एवढंच काम.

दगड शालिकरामच्याच वावरातला. वांग्यांच्या वाफ्यांमध्ये कमरेइतका उभा. त्याच्यावर एक कुत्रं कोरलेलं. शालिकरामची बायको कस्तुराबाई दर रविवारी त्याच्यापुढं भाकरीचा तुकडा ठेवायची. शालिकरामला मात्र तो अडचणच वाटायचा. दोनदा रोटाव्हेटरचं पातं त्याच्यावर तुटलं होतं. म्हणून उज्ज्वलानं दगड मागितला तेव्हा त्यानं लगेच हो म्हटलं.

"नेऊ नका," कस्तुराबाई म्हणाली होती. "बसवलेल्यानं काई पाहूनच बसवला असन."

गाडी डांबरी रस्त्याला लागली तशी उज्ज्वला आपणहून बोलायला लागली. "वीरगळांवर कुत्री असतात, काका. धन्याच्या बाजूला उभी असतात, नाहीतर डुकरावर झेप घेतलेली. पण हे एकटंच आहे. कान टवकारलेले आणि नाक थेट जमिनीला. असं खाली पाहणारं कुत्रं मी कुठंच पाहिलं नाही. म्हणून तर खाली खोदलं."

खाली थडगं निघालं होतं. दगड हजारेक वर्षांचा, थडगं त्याच्याहून कितीतरी जुनं, तीनेक हजार वर्षांचं असेल असं ती म्हणत होती. एक माणूस उताणा निजवलेला, हात छातीवर. दोन्ही पाय घोट्यावरून तोडलेले. पायथ्याशी एक कुत्रं पुरलेलं. त्याचीच हाडं आता खोक्यात होती. माणूस अजून खड्ड्यातच होता, ताडपत्रीखाली. त्याला सावकाश उचलायचं होतं.

"पाय कायले तोडले असतीन?"

"मेलेल्यानं उठून घरी येऊ नये म्हणून, असा अंदाज आहे."

"अन् कुत्रं? राखणीले?"

"राखणीचं कुत्रं बाहेर तोंड करून पुरतात. याचं तोंड त्या माणसाकडं होतं."

गाडीत ओल्या कुत्र्याचा वास येत होता. पावसात भिजून आलेलं कुत्रं घरात शिरावं तसा. शालिकरामनं काच खाली केली. वास गेला नाही. खोक्यातली हाडं तर खडखडीत वाळलेली होती.

पहिल्या गावाच्या फाट्यावर कुत्री उभी होती, रस्त्याच्या कडेला ओळीनं. भुंकत नव्हती. गाडीच्या मागं धावतही नव्हती. गाडी जवळून गेली तरी एकानंही मान वळवली नाही. सगळी रिठदच्या दिशेनं पाहत होती. पुढच्या गावातही तसंच.

तेवढ्यात कस्तुराबाईचा फोन आला. शालिकरामनं गाडी हळू करून स्पीकर लावला.

"आयकता काय… खंड्या दारात आडवा बसला. उठत नाई, भुकत नाई. निरा वावराकडं पाहून राह्यला."

खंड्या त्यांचा कुत्रा. घर वावरातच, वांग्यांच्या वाफ्यांपासून हाकेच्या अंतरावर. मुकेश, त्यांचा मुलगा, पुण्याला कंपनीत. घरात कस्तुराबाई आणि बाळंतीण सून राधिका. नातवाचं बारसं नुकतंच झालेलं.

"थंडीनं बसला असन. लाइट आहे काय?"

"आताच गेली."

फोन ठेवला. थोडं अंतर गेलं न गेलं तोच पुन्हा वाजला. आता कस्तुराबाईचा आवाज खाली आला होता.

"ताडपत्री वाजून राह्यली."

"वारा असन वं."

"वारा नाई न… तुरीचं पानबी हालत नाई." मग नुसता श्वास. "वाफ्यातून काईतरी येऊन राह्यलं. चालनं नाई ते… पोतं ओढल्यावानी. थांबते… मंग अजून ओढते."

"कडी लाव. राधिकाले अन् लेकराले घेऊन मधल्या खोलीत बस."

"खंड्या भाईर आहे…"

"राहू दे त्याले!"

फोन चालूच होता. आधी कडी लागल्याचा, मग निघाल्याचा आवाज आला. मग कस्तुराबाईचा, फार हळू. "खंड्या… ये रे बापा… आत ये…" मग गुरगुर. मग एक ओरडा, तो बाईचा की कुत्र्याचा ते शालिकरामला आजही सांगता येत नाही. त्यानंतर काहीच नाही. फक्त फोनच्या अगदी जवळ, कोणीतरी माती घासत होतं.

"काका," उज्ज्वला म्हणाली, "गाडी फिरवा."

परतीच्या रस्त्यावर एकही कुत्रं नव्हतं.

ते पोचले तेव्हा दिवस बुडाला होता, पण पश्चिमेला अजून लाली होती. दिसायला पुरेल एवढा उजेड होता. शालिकरामला वाटतं, नसता तर बरं झालं असतं. सकाळीच पाणी दिलेल्या वाफ्यातून दोन चर घरापर्यंत आले होते, जड काही ओढत आणावं तसे. चरांच्या दोन्ही बाजूंना तळहातांचे ठसे. पाऊल एकही नव्हतं.

उंबरठ्यावर खंड्या मरून पडला होता. अंगावर ओरखडा नाही. जबडा घट्ट मिटलेला, आणि दातांत माती. त्याच्या मागं कस्तुराबाई बसून होती, पाय अंगणाकडं पसरलेले. जिवंत होती.

"माहे पाय धरले होते," ती म्हणाली. "मऊ हात होते… लेकरावानी. मंग खंड्यानं झडप घातली."

शालिकरामनं तिच्या पायांना हात लावला. घोट्यांखाली विहिरीतल्या दगडासारखे गार होते.

मधल्या खोलीत राधिका बाळाला छातीशी आवळून बसली होती. दोघंही सुखरूप. पण दार उघडायला तिला फार वेळ समजवावं लागलं.

शालिकरामची हाक ऐकून शेजारच्या वावरातला देवमन ट्रॅक्टर घेऊन आला. कोणी काही ठरवलं नाही, कोणी कोणाला विचारलं नाही. दगड परत जागेवर बसवायचा हे सगळ्यांना कळलं होतं. ट्रॅक्टरच्या दिव्यांत उज्ज्वलानं ताडपत्री वर केली. सांगाडा जिथल्या तिथं होता. फक्त छातीवरचे हात आता डोक्याच्या वर लांब केलेले होते, घराच्या दिशेनं, आणि बोटांच्या हाडांना वाफ्यातला ओला चिखल होता. उज्ज्वलानं तिकडं पाहिलं, शालिकरामकडं पाहिलं, आणि खोक्यातली हाडं पायथ्याशी मांडली. तोंड आतल्या बाजूला. शालिकरामनं खंड्याला शेजारी ठेवलं. माती लोटली. वर दगड उभा केला, कुत्र्याचं नाक जमिनीकडं करून.

त्याला आता वर्ष होत आलं. अकोल्याच्या डॉक्टरांनी कस्तुराबाईच्या सगळ्या तपासण्या केल्या. रक्त वाहतं, शिरा ठीक, हाडं ठीक. पण घोट्यांखाली सुई टोचली तरी तिला कळत नाही. ती बाजेवर बसून शेंगा सोलते, नातवाला खेळवते. खाली उतरायचं झालं तर शालिकराम उचलून नेतो. उज्ज्वलाचा फोन येतो मधूनमधून. कस्तुराबाईची चौकशी करते. दगडाचा विषय काढत नाही.

मागच्या महिन्यापासून शालिकराम सगळ्यांच्या आधी उठतो. फावडं घेऊन वाफ्यात जातो आणि राधिका अंगणात यायच्या आत ओली माती सारखी करून ठेवतो. तिला सांगितलंय, पाणी नीट फिरावं म्हणून.

मातीत पावलं असतात, अनवाणी, बाईमाणसाची. दगडापाशी सुरू होतात. बोटांत जोडव्यांची खूण असते, आणि उजव्या पायाची करंगळी नसते. लग्नाआधी विळ्यानं कस्तुराबाईची करंगळी तुटली होती, ती उजव्याच पायाची. पण ती तर रात्रभर बाजेवरच असते. परतीची पावलं नसतात. राधिकाच्या खिडकीखाली ती संपतात, बोटं भिंतीकडं, आणि तिथली माती इतकी खोल दबलेली असते की कोणीतरी रात्रभर तिथं उभं असावं.