ठसका

कात्रजच्या त्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर दोन दारं समोरासमोर. श्यामलाच्या दाराला तोरण, पूर्वाच्या दारात आम्रपालीची सायकल आडवी पडलेली. श्यामला ती रोज पायाने बाजूला सारायची, आणि जरा जोरातच.

श्यामलाची स्पृहा आणि पूर्वाची आम्रपाली एकाच वर्गातल्या. दिवाळीपासून स्पृहा अंथरुणाला खिळलेली, पोटात अन्न ठरत नव्हतं. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, सोळा सोमवार झाले. आणि ही पूर्वा! देवापुढे साधा दिवा लावायची नाही, तरी तिची कार्टी जिने दणाणून सोडायची. श्यामलाचा नुसता जळफळाट व्हायचा. ‘माझ्या लेकराने कुणाचं काय घोडं मारलंय?’ असं ती देवाला विचारायची, पण बघायची मात्र समोरच्या दाराकडे.

दर शनिवारी दिवेलागणीला ती स्पृहाची दृष्ट काढायची. मीठ, मोहरी, लाल मिरच्या मुठीत घेऊन लेकीवरून उतरवायच्या आणि तापल्या तव्यावर टाकायच्या. दृष्ट लागलेली असली की मिरच्या जळूनही वास येत नाही म्हणतात. श्यामलाच्या घरात दर वेळी ठसक्याने सगळे बेजार.

“मिरच्या आहेत, ठसका लागणारच,” तिचा नवरा दिगंबर म्हणायचा. “अत्तर नाहीये ते.”

म्हणजे कुणाची नजरसुद्धा नाही! मग का? निदान बोल लावायला तरी कुणी हवं होतं तिला.

त्या शनिवारी पूर्वाच दारात आली, तोंड उतरलेलं. “ताई, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही हो. पण आम्रपाली काही खातच नाहीये. जरा दृष्ट काढता?”

समोर पूर्वाच्या घरी आम्रपाली सोफ्यावर पडून होती. श्यामलाने तिच्यावरून मूठ उतरवली. “आल्यागेल्याची, घरादाराची...” पुढे ‘शेजारणीची’ जिभेवर आलं, ते तिने गिळलं.

पूर्वाच्या स्वयंपाकघरात ती एकटीच होती. एक्झॉस्ट फॅन घरघरत होता. मिरच्या तडतडल्या, काळ्याठिक्कर पडल्या, धूर निघाला.

वास नाही.

तिने वाकून धुरात तोंड घातलं. डोळ्यांत पाणीसुद्धा आलं नाही.

नजर कुणाची, हे तिला कुणी सांगायला नको होतं. रीतही ठाऊक होती. पुन्हा उतरवायचं, ठसका लागेपर्यंत.

तेवढ्यात समोरच्या घरातून हाक आली. “आई, भूक लागलीये!”

स्पृहा!

श्यामलाचा हात मिरच्यांच्या बरणीवर होता. तो तिथेच थांबला.

मग तिने ओढणी तोंडावर धरली आणि खोकायला लागली. मोठमोठ्याने, बाहेर ऐकू जाईल असं.

“नजरबिजर काही नाही गं हिला,” ती बाहेर येऊन म्हणाली. “केवढा ठसका लागला! तो फॅन होता म्हणून, नाहीतर तुम्हीही खोकला असतात. डॉक्टरला दाखव.”

पूर्वाला रडू फुटलं. “तुम्ही आहात म्हणून धीर आहे, ताई.”

घरी दिगंबर हरखून गेला होता. “अगं, बघ तरी! मागून मागून खातेय!”

स्पृहा ताटावर वाकून वरणभात ओरपत होती. डाव्या हाताने. तिला कधी डाव्या हाताने घास घेता आला नव्हता. डावखुरी होती ती आम्रपाली.

श्यामलाने तो हात पाहिला. मग तिने पातेलं उचललं आणि लेकीला आणखी भात वाढला.