त्यांना आधी बघा

खोटं वाटलं तर वाटू दे. मी दादाच्या शेजारच्याच खुर्चीत होते. जे झालं ते माझ्या डोळ्यांदेखत झालं.

माझा थोरला भाऊ म्हणजे तोफ. घरात सगळे त्याला तेच म्हणायचे. गेल्या वर्षी त्याचं बोट कापलं, तर इस्पितळाच्या तातडीच्या विभागात त्याने आकाशपाताळ एक केलं. दारातली सिस्टर कोण किती गंभीर ते बघून पेशंट आत सोडत होती. आमच्या आधी एक म्हातारी होती. एकटीच. हात छातीवर, ओठ निळसर.

दादा तिच्या अंगावर ओरडला. "आजी, सांगा ना सिस्टरला, तुम्ही ठीक आहात म्हणून!"

मी म्हटलं, "दादा, असू दे रे." पण नगाऱ्याची घाई, तिथे टिमकीचं काय!

म्हातारी घाबरली. सिस्टरकडे बघून पुटपुटली, "मी ठीक आहे गं बाळ. त्यांना आधी बघा."

दादाच्या बोटाला टाके पडेपर्यंत ती खुर्चीतच गेली.

गेल्या महिन्यात, रविवारी भरदुपारी, जेवता जेवता दादा घामाने निथळला. छाती आवळून खाली बसला. मी त्याला तिथेच नेलं. दारात तीच सिस्टर.

"काय होतंय तुम्हाला?"

दादाने तोंड उघडलं...

"मी ठीक आहे गं बाळ. त्यांना आधी बघा."

आवाज बारीक. थकलेला. बाईचा.

सिस्टर दचकली. तिने त्याच्या बोटाला मशीन लावलं. आकडे अगदी चांगले होते.

मी किंचाळले, "अहो, तो मरतोय!"

"ताई, ओरडणाऱ्याला आधी घ्यायचं आम्ही बंद केलंय. मागे एक आजी गेल्या त्यात."

एक लंगडणारा आत गेला. मग एक खोकणारा. दर वेळी सिस्टर येऊन विचारायची आणि दर वेळी...

तेच.

दादाने माझी बाही घट्ट धरली होती. डोळ्यांनी मला विनवत होता. तोंड मात्र त्याचं नव्हतं.

हॉल रिकामा झाला. आता पुढे सोडायला कुणीच उरलं नव्हतं. सिस्टर चाकांची खुर्ची घेऊन धावत आली.

दादाची मान कलली होती.

खरं तर मला त्या म्हातारीचा राग यायला हवा. येत नाही, आणि त्याचीच भीती वाटते.

आई रोज विचारते, "शेवटी काय म्हणाला गं तो?"

तिथे दादा एकदाही बोललाच नव्हता.