दुसरा घास

रोज सकाळी साडेआठला भूपालअण्णा टाकीतलं पाणी काचेच्या नळकांड्यात भरायचे, अर्धा तास गाळ बसताना बघायचे आणि मग वास घ्यायचे. कापड रंगवणाऱ्या कारखान्यांचं सांडपाणी त्यांनी चोवीस वर्षं नुसत्या नाकावर सांभाळलं होतं. आता भिंतीवरचा पडदा पाण्याचा रंग मोजून हिरवा दिवा लावायचा. अण्णांच्या नाकाला कोणी विचारत नव्हतं.

ही सगळी करणी शर्वरी इनामदारची. वय अवघं एकोणतीस. तिने प्रयोगशाळेत घडवलेले जिवाणू सहा तासांत रंग फस्त करायचे. अण्णांच्या जुन्या जिवाणूंना चार दिवस लागायचे, तेही शेण-गूळ घालून लाड केल्यावर.

"अण्णा, ह्यांना गूळ दाखवायचासुद्धा नाही," ती पहिल्याच दिवशी म्हणाली होती. "पहिल्या घासात रंग तुटतो, पण बिनरंगी विष उरतं. ते दुसऱ्या घासात संपतं. गोड मिळालं तर दुसरा घास कोण खाईल?"

अण्णांनी त्यातला गूळ तेवढा लक्षात ठेवला.

गुरुवारी पाणी खालच्या वाडीच्या तळ्यात सोडायचं ठरलं. वाडी अण्णांची, शालनारळ मात्र शर्वरीबाईंना. चोवीस वर्षं घाणीत हात आमचे, आणि आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला ही. अण्णांच्या पोटात दुखायला लागलं ते थांबेना. सोमवारपासून त्यांनी गुपचूप रोज गुळाची एक ढेप टाकीत सोडली; वास घ्यायचं सोडून ते फक्त रंग बघत राहिले. पाणी लाल व्हावं, वाडीसमोर बाईंची फजिती व्हावी, एवढंच त्यांना हवं होतं.

पाणी लाल झालंच नाही. गुरुवारी दिवा हिरवा होता. सरपंचबाईंनी चाक फिरवून पाणी सोडलं, नारळ दिला, टाळ्या झाल्या. शर्वरीने नळाखाली दोन पेले भरले आणि एक अण्णांपुढे धरला.

"हा मान अण्णांचा. हे नसते तर मला ही टाकी कळलीच नसती."

अण्णांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी पेला सवयीने नाकाशी नेला. अगदी पुसट, सडक्या मासळीचा वास. दुसरा घास त्यांना आत्ता आठवला.

शर्वरीचा पेला ओठांशी पोहोचला होता. अण्णांनी तो हाताने उडवला.

"पिऊ नका, बाई. टाकीत गूळ घातलाय मी."

धावत जाऊन त्यांनीच चाक बंद केलं. परत आले तेव्हा शर्वरी नारळ पोटाशी धरून उभी होती.

"अण्णा, दिवा हिरवा दिसला की मी रोज सकाळी इथलं पेलाभर पाणी पिते," ती म्हणाली. "गूळ कधीपासून घालताय?"